प्लास्टरला बसलेली कवळी

गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. कवळीवाले म्हटलं की पोरंसोरंही बोट दाखवीत: दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला, बाहेरून जिना, आणि कठड्याला पांढऱ्या बोटांचे ठसे. ते प्लास्टरचे. कितीही हात धुतले तरी कवळीवाल्यांच्या नखांतून प्लास्टर काही जात नसे.

खाली डॉक्टर, वर हे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेत, तो ओला ठसा डब्यातून वर येई, कवळीवाले त्यात प्लास्टर ओतत, आणि थोड्या वेळानं त्या माणसाचं तोंड, माणूस वगळून, त्यांच्या टेबलावर बसलेलं असे. भिंतीवरच्या फळ्यांवर अशी सगळ्या वस्तीची तोंडं मांडलेली होती. निवृत्त हेडमास्तर आणि त्यांनी ज्याला नापास केलं तो किराणावाला, दोघं शेजारीशेजारी. खाली रस्त्यावर ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, ते इथं फळीवर गुण्यागोविंदानं नांदत होते. कवळीवाल्यांची बायको म्हणे, आमच्या घरात एवढी तोंडं आहेत, पण बोलणारी मी एकटीच.

कामाचा एक नियम होता आणि तो कवळीवाले कधी मोडत नसत. दात आधी मेणात रोवायचे. ती मेणातली कवळी खाली जाई, डॉक्टर ती माणसाच्या तोंडात घालून बघत, मिटा म्हणत, बोला म्हणत, हसा म्हणत. कुठं टोचतं, कुठं ओठ फुगतो, ते कळलं की कवळी परत वर. मग मेण ऊन करून दात केसभर इकडं, केसभर तिकडं. माणूस स्वतः ‘आता बरं वाटतंय’ म्हणेपर्यंत कवळी पक्की करायची नाही. कुणी घाई केली तर कवळीवाले चिडत. म्हणत, तोंड त्याचं आहे, माझं नाही.

एवढं करून कवळी बसली की माणूस आरशात बघे, डोळ्यांत पाणी आणी, आणि हात धरी तो डॉक्टरांचा. जिना चढून वर आलेलं कुणी नव्हतं. कवळीवाले वर बसून ते सगळं ऐकत. खिडकीच्या चौकटीखाली दवाखान्याची पाटी होती, डॉक्टरांच्या नावाची. वाकून बघितलं तर तिची पाठ दिसे, कोरी.

त्यांना एकच मुलगी होती. ती अभ्यासात हुशार निघाली तेव्हापासून त्या कोऱ्या पाठीकडे बघताना कवळीवाल्यांना पुढचं सगळं दिसू लागलं होतं. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात दुसरी खुर्ची होती, तिच्यावर नेहमी चादर टाकलेली असे. चहा पिताना डॉक्टर एकदा म्हणाले होते, तुमची लेक दातांची डॉक्टर झाली की ही चादर काढू, कवळीवाले. डॉक्टर ते बोलून विसरलेही असतील. कवळीवाल्यांनी मात्र त्यावर घर बांधलं. खाली लेक, वर बाप. पाटीवर आपलं आडनाव. मेणातली कवळी खाली जाईल आणि खालून लेकीची हाक येईल, बाबा, डावीकडचा जरा खाली घ्या. रोज दात घासताना सुद्धा त्यांना ती हाक ऐकू येई.

मुलीला हे कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नाही.

घराच्या मागं एक मोठी इमारत चालली होती. तिथं एक पिवळी क्रेन उभी राहिली, इतकी उंच की कामाच्या टेबलावर तिची सावली यायची. कवळीवाल्यांना तिचा राग होता. दाताचा रंग जुळवताना उजेड लागतो, आणि नेमकी तेव्हा ती आपला लांब हात फिरवून मागच्या खिडकीपुढं आणायची. मुलगी मात्र शाळेतून आली की वही घेऊन त्याच खिडकीत बसे. बापाला वाटे, अभ्यासाला उजेड हवा असेल.

शाळा संपली, गुण उत्तम पडले, दातांच्या कॉलेजात तिला जागाही मिळाली. शनिवारी दुपारी बारापर्यंत जाऊन ती पक्की करायची होती. त्या आठवड्याच्या सोमवारी, जेवायला बसल्यावर, तिनं पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि सांगितलं की तिला दातांचं शिकायचं नाही, तिला क्रेन चालवायला शिकायचं आहे.

कवळीवाल्यांना आधी वाटलं ही चेष्टा आहे. ते थोडं हसलेसुद्धा. मग बघितलं तर कुणीच हसत नव्हतं.

मुलीनं सगळी चौकशी केलेली होती. शहराबाहेर एक शिकवण्याचं केंद्र होतं, तिथं मुलीही घेत. मागच्या क्रेनवरच्या माणसाशी ती कुंपणापाशी उभी राहून कितीदा बोललीही होती. वर काचेची एक खोली असते, बसायला खुर्ची असते, दोन दांडे असतात, एक या हातात, एक त्या हातात. वारा सुटला की सगळं डोलतं, आणि ते डोलणं ओळखून ओझं अलगद खाली टेकवायचं असतं. हे सांगताना तिचा आवाज असा झाला होता की कवळीवाल्यांना तो अनोळखी वाटला.

बायकोनं कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. तिनं एकच विचारलं, वर बाथरूम असतं का?

‘नसतं. खाली उतरून यावं लागतं.’

‘मग पाणी कमी पीत जाशील. आणि पाणी कमी प्यायलीस की डोकं दुखतं तुझं.’

म्हणजे ही बाई क्रेनवर जाऊन पोचलीसुद्धा, असं वाटून कवळीवाल्यांचा तोल गेला. जमिनीवर काय कमी आहे, असं काहीसं ते ओरडले. एवढे गुण काय हवेत लटकायला मिळवले? लोक काय म्हणतील हेही ते म्हणाले आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून आणखी चिडले, कारण लोकांशी त्यांचा संबंध जबड्यापुरताच होता.

मुलगी शांतपणे म्हणाली की अजून एक गोष्ट आहे. त्या केंद्रातल्या सरांचा एक दंडक होता. प्रवेश द्यायच्या आधी घरातलं एक मोठं माणूस आवारात आलं पाहिजे. मूल शिडी चढून वर जाईल आणि ते माणूस खाली उभं राहून बघेल. ज्याच्या घरी रडारड चालू असते त्याचा हात वर गेल्यावर थरथरतो, असं सरांचं म्हणणं. घरचं कुणी आलं नाही तर प्रवेश नाही, मग मूल कितीही हुशार असो.

‘कधी जायचं असतं?’ बायकोनं विचारलं.

‘शनिवारी. सकाळी अकराला.’

कवळीवाले ताटावरून उठले. एकाच शनिवारी इकडं जागा पक्की करायची नि तिकडं आवारात उभं राहायचं, म्हणजे हा डाव रचलेला आहे, अशी त्यांची खात्री झाली. तो रचलेला नव्हता, पण माणूस चिडला की त्याला कॅलेंडरही फितूर वाटतं.

मंगळवारचं काम सगळं बिघडलं. किराणावाल्याच्या बायकोच्या कवळीत त्यांनी सुळा उलटा बसवला. बुधवारी त्यांनी डॉक्टरांपुढं दातांच्या कण्या केल्या, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. डॉक्टरांनी मुलीला दवाखान्यात बोलावलं, चादर काढून दुसऱ्या खुर्चीत बसवलं. बराच वेळ खालून बोलण्याचा नुसता घोगरा आवाज येत राहिला. मग डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते वर असे कधी आले नव्हते. प्लास्टरच्या तोंडांकडे बघत उभे राहिले, एकदोन ओळखीची निघाली तशी मान हलवली.

‘समजावलंत?’ कवळीवाल्यांनी विचारलं.

‘तिनं मला विचारलं, तुम्हाला हे आवडतं का. मी म्हटलं, हो.’

‘मग?’

‘मग काही नाही. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं. मला माझ्या वडिलांनी बसवलं होतं या खुर्चीत.’ आणि जाता जाता डॉक्टर म्हणाले, ‘चादर परत टाकून ठेवतो. राग मानू नका, कवळीवाले.’

राग मानायचा नाही तर काय करायचं? खालचा माणूस फिरला, बायको बाटलीत पाणी किती मावतं ते बघत बसलेली, मुलगी बोलत नाही, भांडत नाही, नुसती तयारीनं वावरते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला गप्प करता येतं. गप्प माणसाला काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

राहता राहिली त्यांची आई. म्हातारी दिवसभर कामाच्या खोलीतच दाराजवळच्या खुर्चीत बसे. तिच्या शेजारच्या फळीवर एक काचेचा पेला होता, आणि पेल्यात पाण्याखाली तिची कवळी. ती कवळी तिच्या लेकानंच केलेली, त्याच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम. म्हातारीचा तरुणपणचा फोटो समोर ठेवून त्यांनी एकेक दात निवडला होता. तेव्हा डॉक्टरांनी खालून निरोप पाठवला होता, मेणातली आधी पाठवा, घालून बघू. कवळीवाल्यांनी उलट निरोप धाडला की गरज नाही. आईचं तोंड मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? आणि एकदम पक्की करूनच त्यांनी ती आईच्या हातात दिली होती. साऱ्या जगासाठी पाळलेला नियम त्यांनी एका आईसाठी मोडला, तोही प्रेमानं.

ती कवळी म्हातारीनं दोन जेवणं घातली. तिसऱ्या जेवणाला पेल्यात ठेवली, आणि तेव्हापासून ती पेल्यातच हसत होती. म्हातारी मऊ भात खाई, सफरचंद किसून घेई. कुणी विचारलं तर म्हणे, भूकच नसते बाई.

गुरुवारी जेवताना तिनं पावाचा तुकडा चहात बुडवलेला बघून कवळीवाल्यांचं डोकं फिरलं. मनात लेक होती, पण तोंडातून निघालं ते आईवर. एवढी मेहनत घेऊन केलेली कवळी, घालायला काय होतं? सवय होते हळूहळू. घालतच नाहीस तर सवय कशी होणार?

‘टोचते,’ म्हातारी म्हणाली.

‘टोचेल कशी? मी कितीदा तपासली.’ ते उठले, फळीवरून आईच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा काढला, पेल्यातली कवळी पुसून त्यावर बसवली. टक आवाज करून ती बसली. कुठं सुईचं टोक शिरेल एवढी फट नाही. त्यांनी ते आईच्या नाकासमोर धरलं. ‘बघ. बघ की. कशी बसलीय.’

म्हातारीनं नीट बघितलं. चष्मा वर करून बघितलं.

‘प्लास्टरला बसते ना? मग प्लास्टरलाच घाल. त्याला भात पण तूच भरव.’

दारात मुलगी उभी होती. तिला हसू आलं आणि ते दाबता दाबता ठसका लागला. कवळीवाल्यांनी साचा फळीवर आपटला.

‘या घरात माझं कुणाला काही पटतच नाही. मी काय वाईट चिंतलंय कुणाचं?’

‘नाही रे बाबा,’ म्हातारी म्हणाली. ‘तू वाईट कधीच चिंतलं नाहीस. तू विचारलं नाहीस एवढंच.’ मग तिनं उरलेला पाव बशीत ठेवला आणि नातीकडे वळली. ‘ठमे, तुझ्या त्या सरांना मोठं माणूस हवं ना घरातलं? मी येते. माझ्याहून मोठं या घरात कोण आहे? खाली उभंच तर राहायचंय. एक खुर्ची द्यायला सांग.’

‘आई, तू कुठंही जायचं नाहीस,’ कवळीवाले म्हणाले.

‘जाणार. आणि अशीच जाणार, बोळकं घेऊन. सर विचारतील, आजी, मुलगा काय करतो? मी सांगेन, कवळ्या करतो.’

स्वयंपाकघरातून बायको हसल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, म्हातारी खरोखरच बाहेर जायच्या चपला पुसून दारापाशी ठेवताना दिसली, आणि ती नुसतं बोलणारी बाई नव्हती हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. बिनदातांची आपली आई भर आवारात उभी आहे आणि सगळे विचारतायत, मुलगा काय करतो, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी सकाळी ते दाढी करून तयार झाले. कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, आईला उन्हात नेऊ नका, मी जातो. पण एक सांगून ठेवतो, मी नुसता उभा राहणार. मला हे पटलेलं नाही.

‘बरं,’ मुलगी म्हणाली.

‘आणि तिथून वेळ मिळाला तर कॉलेजात पण जाऊ.’

‘बरं,’ ती पुन्हा म्हणाली. पण कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं हे दोघांनाही माहीत होतं.

बसमध्ये ते शेजारीशेजारी बसले. तिनं केस घट्ट बांधले होते. तिच्या पायात नवे, जाड तळाचे बूट होते. ते कधी घेतले, कुणी घेऊन दिले, हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांना आत कुठंतरी सलत राहिलं.

आवार म्हणजे एक मोकळं माळरान, कडेला पत्र्याची शेड, मध्ये लाल रंगाची क्रेन. सर बुटके होते. आयुष्यभर वर बघून त्यांची मान मागं कललेली राहिली होती, त्यामुळे ते कुणाशीही बोलले तरी आभाळाशी बोलल्यासारखे वाटत. त्यांनी कवळीवाल्यांना चहा विचारला, मुलीला टोपी दिली, पट्टा दिला, पट्ट्याची प्रत्येक कडी स्वतः ओढून बघितली. तेवढं मात्र कवळीवाल्यांना आवडलं.

मग सर म्हणाले की नुसतं उभं राहायचं नाही. पहिली खूण घरच्या माणसानं करायची. मुलगी वर जाऊन बसेल, तिच्यासोबत एक जुना चालक असेल. तुम्ही खालून खूण केलीत की ती हुक वर उचलेल. नाही केलीत तर नाही उचलणार. तिला तसं सांगून ठेवलंय.

‘हे मला कुणी सांगितलं नव्हतं.’

‘सांगितलं तर लोक घरूनच ठरवून येतात.’ सरांनी खूण करून दाखवली: हात डोक्यावर सरळ, बोट आभाळाकडे, आणि गोल फिरवायचं. थांबवायचं असेल तर हात आडवा.

मुलगी शिडीपाशी गेली. तिनं मागं वळून बघितलं, पण बघितलं ते सरांकडे. मग चढू लागली. शिडी क्रेनच्या खांबाच्या आतून होती. दांड्यांच्या जाळीतून ती कधी दिसे, कधी नाही. आधी बूट ओळखू येत होते, मग नुसती टोपी, मग तीही नाही. कवळीवाल्यांचं सगळं आयुष्य हातभर अंतरावरच्या वस्तू बघण्यात गेलेलं. इतक्या लांबचं बघायची त्यांच्या डोळ्यांना सवय नव्हती. पाणी आलं, ते उन्हामुळं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मनगटावर घड्याळ होतं. बारा वाजायला आले होते. शहराच्या त्या टोकाला कुणीतरी खिडकी लावून घेत असेल, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला ती जागा जाईल.

‘पोचली,’ सर म्हणाले. ‘करा खूण.’

कवळीवाले उभेच राहिले. हात आडवा धरला की सगळं थांबतं, हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं. आणि वरून ती खाली येईल, काही न बोलता बसमध्ये शेजारी बसेल, आणि मग घरात तिचं ते गप्प राहणं. सरांनी घाई केली नाही. लाल हुक वाऱ्यावर थोडा हलत होता.

त्यांनी हात वर केला, बोट उभं केलं आणि फिरवलं.

हुक हलला नाही.

‘केली की,’ ते वैतागून म्हणाले. ‘केली मी. का उचलत नाही?’

‘काका, हे काय, मोती ओवताय का?’ सर म्हणाले. ‘वरून दिसणार नाही एवढंसं. खांद्यातून फिरवा. मोठं.’

कवळीवाल्यांनी बघितलं तर त्यांचं बोट दाताला पॉलिश करताना फिरतं तेवढंच फिरत होतं. त्यांनी चिडून पूर्ण हात फिरवला. खांदा कटकन वाजला. मोठं, आणखी मोठं, सर म्हणत होते, आणि ते त्या मोकळ्या माळावर, दाढी केलेले, इस्त्रीच्या शर्टातले, भूत उतरवल्यासारखे हात फिरवत राहिले.

हुक उचलला गेला. अलगद, जराही धक्का न बसता, सरळ रेषेत वर. सरांनी मान आणखी मागं टाकली.

खाली आल्यावर मुलीचा चेहरा लाल झाला होता. तिनं विचारलं, ‘दिसलं ना, बाबा?’

‘हुक दिसला. तू कुठं दिसतेस तिथून.’

‘तुम्ही दिसत होता. आधी नाही, नंतर दिसलात.’

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. कवळीवाल्यांनी तिला उठवलं नाही, पण रागही गेला नव्हता. खांदा ठणकत होता. डॉक्टरांना काय सांगायचं, ती चादर आता कायमची, पाटीची पाठ कायमची कोरी. एवढे गुण. हे त्यांनी मनात कितीदा तरी घोळवलं.

घरी आले तर बायको नि मुलगी आत कुजबुजू लागल्या. म्हातारी आपल्या खुर्चीत होती.

‘गेली का वर?’

‘गेली.’

‘मग तोंड का असं?’

‘खांदा दुखतोय,’ ते म्हणाले आणि टेबलाशी बसले. समोर किराणावाल्याच्या बायकोची कवळी होती, उलट्या सुळ्याची. ती त्यांनी बाजूला सारली. फळीवर आईच्या तोंडाचा साचा गुरुवारी आपटला तसाच तिरका होता, त्यावर ती देखणी कवळी. त्यांनी कवळी काढून पेल्यात टाकली, साचा हातात तोलला आणि प्लास्टरच्या कचऱ्याच्या डब्यात सोडून दिला. तो आत पडून फुटला.

‘काय पडलं रे?’

‘काही नाही. सोमवारी खाली दवाखान्यात ये. नवीन ठसा घ्यायचाय.’

म्हातारीनं डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ‘मेणातली घालून बघणार असाल तर येते.’

‘बघू.’

‘बघू नाही.’

‘बरं, आई, बरं,’ कवळीवाले म्हणाले, आणि चांगल्या हातानं दुखरा खांदा चोळत, किराणावाल्याच्या बायकोचा उलटा सुळा मेणातून काढण्यासाठी त्यांनी सुरी तापत ठेवली.